लॅपटॉपचा सौदा

आमच्या घरात कुठल्याही वस्तूची किंमत मोठ्यानं सांगायची पद्धत नव्हती. शेजारी कुणी नवी कढई आणली तरी तिचा भाव गल्लीभर व्हायचा. आमच्याकडे मात्र बैल आला काय नि बादली आली काय, केवढ्याला पडली हे अण्णा आणि विकणारा या दोघांपलीकडे कुणाला कळत नसे. अण्णा म्हणजे माझे वडील. बैलबाजारात सौदे जुळवून देणं हा त्यांचा धंदा. समोरच्याचा हात आपल्या उपरण्याखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच नाकारायचा, आणि चेहऱ्यावर मात्र काही म्हणजे काही दिसू द्यायचं नाही, असा तो सगळा कारभार. मी लहान असताना ओसरीवर बसून ते माझ्याशी तोच खेळ खेळायचे. माझा हात उपरण्याखाली घेऊन विचारायचे, "बोल, कितीचा बैल?" मी ओळखलं की गुळाचा खडा मिळायचा. माय आतून म्हणायची, "पोरीच्या जातीला काहून शिकवून राहिले हे?" अण्णा म्हणायचे, "तिला काय, कवा काम पडंल सांगता येतं का?" माझी बोटं त्या खेळात तरबेज झाली आणि मग शाळेत, अभ्यासात तो खेळ कधी बंद पडला, आठवत नाही.

आमचं घर हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात, बाजाराच्या रस्त्याला लागून. सकाळी डोळा उघडायचा तो जीपवाल्यांच्या "सेनगाव, हिंगोली, हिंगोली" या ओरडण्यानं. त्याच्या आधी मायच्या हातची भाकरी थापण्याचा आवाज सुरू झालेला असे, आणि जवसाची चटणी कुटली जात असली तर तिचा वास थेट अंथरुणात येई. गोठ्यात त्या काळात एकही जनावर उरलं नव्हतं. खुंटीला घुंगरमाळा तेवढ्या होत्या. झाडताना मायचा केरसुणीचा दांडा त्यांना लागला की त्या वाजत, आणि अण्णा ओसरीवर असले तर मान वळवून तिकडे बघत. जो तो नांगरटीला ट्रॅक्टर सांगायला लागला होता, बाजार आठवड्यागणिक पातळ होत चालला होता, आणि अण्णांकडे सल्ल्याला येणारी माणसं हळूहळू यायची बंद झाली. ते याबद्दल कधी बोलले नाहीत. बाजाराच्या दिवशी मात्र पांढरं धोतर नेसून, उपरणं खांद्यावर टाकून जायचे आणि दुपारच्या आत परत यायचे. पूर्वी त्यांना यायला दिवेलागण होत असे.

अण्णांच्या धंद्याचे नियम घरातल्या सगळ्यांना पाठ होते, कारण ते येता-जाता सांगायचे. जो बैल घ्यायचा त्याच्याकडे आधी बघायचं नाही, दुसऱ्याच्याच शेपटीला हात लावायचा. मनात भरलेल्या जनावराची तारीफ विकणाऱ्यासमोर करायची नाही. भाव जमला नाही की उठायचं, उपरणं झटकायचं आणि चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. विकणारा हाक मारतोच. त्या हाकेवर सगळा सौदा असतो, कारण हाक मारली की भाव खाली आला. आणि हाक आलीच नाही तर सरळ घरी यायचं. आपणहून मागं वळणाऱ्या माणसाला बाजारात पुन्हा कुणी विचारत नाही, असं अण्णा म्हणत. एकदा त्यांना स्वतःसाठी एक खिलारी जोडी फार आवडली होती. ते उठून निघाले आणि हाक आली नाही. ते तसेच घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं माय सांगायची. पण परतही गेले नाहीत, हेही ती तितक्याच अभिमानानं सांगायची. मला त्या वयात तो निव्वळ हट्ट वाटायचा. हट्ट माझ्यातही तोच आहे, हे पुढं मला नवऱ्यानं बऱ्याचदा ऐकवलं.

मी बी.ए. झाले आणि गावातल्या टायपिंग सेंटरमध्ये बसू लागले. तिथल्या सरांच्या ओळखीनं मला एक काम चालून आलं. पुण्याच्या एका छापखान्याला जुनी मराठी पुस्तकं संगणकावर उतरवून देणारी माणसं हवी होती. घरी बसून करायचं, पानागणिक पैसे. चाचणीत मी पास झाले. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे आणि सोमवारी सुरुवात झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावणार. नव्या लॅपटॉपचे भाव माझ्या आवाक्याबाहेरचे होते. सर म्हणाले, "नवीन स्वस्तातला घेऊ नको, सहा महिन्यांत खिळखिळा होतो. मोठ्या कंपन्या त्यांचे ऑफिसातले लॅपटॉप काही वर्षांनी काढून टाकतात, ते बघ. दिसायला ओबडधोबड असतात, पण अंगानं दणकट. कीबोर्ड तर असा की दिवसभर बडवला तरी तक्रार नाही. तुला तेच पाहिजे." हिंगोलीत अशा लॅपटॉपचं एक दुकान होतं. मायनं हळद शिजवण्याच्या कामावर जाऊन साठवलेले पैसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "अण्णाला संग घिऊन जा." मला ते नको होतं. लॅपटॉपच्या दुकानात धोतर-उपरण्यातला बाप घेऊन जायचं मला अवघड वाटत होतं, असं आता सरळच लिहिते. पण मायनं मला पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर नेलं आणि एवढंच म्हणाली, "लई दिसानं त्याच्यासाठी कायतरी घ्यायचं-विकायचं निघालं, बाई. येऊ दे." मग माझ्यानं नाही म्हणवलं नाही.

शनिवारी आम्ही निघालो. मायचे पैसे मी अण्णांच्या हाती दिले, कारण पैसे सौदा करणाऱ्याकडेच असायचे. मायनं धपाटे बांधून दिले. अण्णांनी जीपमध्ये बसल्याबसल्या मला एकच प्रश्न विचारला, "त्याची खोड कशी वळखायची?" मी त्यांना जमेल तसं सांगितलं, बॅटरी किती वेळ टिकते, सगळी बटणं उठतात का, बिजागरी ढिली आहे का, आणि चालू करताना जुन्या कंपनीचा पासवर्ड तर मागत नाही ना. ते शेवटचं त्यांना लगेच पटलं. "म्हंजे जुन्या मालकाच्याच आवाजाला वळतंय का, हे पाहाचं," असं म्हणून ते बाहेर बघत राहिले. त्यांची पाठ मला कित्येक महिन्यांनी ताठ दिसत होती.

दुकान छोटंच होतं. काउंटरमागं सलीम नावाचा माझ्याच वयाचा मुलगा होता, बोलायला नरम, पण त्याचा फोन सारखा वाजत होता. लॅपटॉपच्या थप्प्या लावलेल्या आणि प्रत्येकाच्या झाकणावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. मला हवा तसा एकच निघाला. काळा, जड, कोपरे घासलेले, झाकणावर कुठल्याशा कंपनीचं नंबराचं लेबल अर्धवट खरवडलेलं. मी चालू केला. पासवर्ड मागितला नाही. एकेक बटण दाबून बघितलं, 'ज्ञ' पासून 'ळ' पर्यंत सगळं उमटलं. माझ्या बोटांना तो कीबोर्ड असा बसला की मी दोन ओळी उगाच लिहून पुसल्या. चिठ्ठीवरचा आकडा मायच्या पैशांत कसाबसा बसत होता. बाकी काही उरत नव्हतं, आणि ते मायचे पैसे असल्यामुळं अण्णांना त्यातलं काहीतरी वाचवून परत न्यायचंच होतं. दुसरे स्वस्तातले होते, पण एकाची बिजागरी गेलेली, एकाला स्क्रीनवर उभी रेघ.

अण्णांनी नियमाप्रमाणं आधी त्या रेघवाल्यालाच हात लावला. मग माझ्यापुढच्या काळ्याकडे वळून, "हे तर लई जड हाय, पोरीला उचलंल का," म्हणाले, "ह्याचे कोपरे कशानं गेले, कुठं आपटलं व्हतं," म्हणाले, "ह्या लेबलावून तर चोरीचं दिसतंय," असंही म्हणाले. सलीमनं प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं आणि शेवटी म्हणाला, "काका, आमच्याकडे फिक्स रेट असतो. चिठ्ठीवर हाय तोच." अण्णांनी उपरणं पुढं करून हात मागितला. त्याला कळलंच नाही. त्यानं हसून हस्तांदोलन केलं आणि फोन घेतला. तेव्हा अण्णा उठले. उपरणं झटकलं आणि म्हणाले, "चल सुमन. जमत न्हाई." माझे हात कीबोर्डवर होते. मी झाकण लावलं आणि त्यांच्या मागं निघाले, कारण सोबतच्यानं मागं वळून बघितलं तरी सौदा बिघडतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आम्ही सावकाश चाललो. अण्णा इतके सावकाश चालत होते की मागून सायकली पुढं जात होत्या. हाक आली नाही. रस्त्याच्या वळणाआधी एक चहाची टपरी होती, तिथून दुकान दिसत होतं. अण्णा दुकानाकडे पाठ करून बाकावर बसले. मला मात्र तोंड तिकडेच करून बसावं लागलं. त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मी म्हणाले, "अण्णा, हे असलं दुकान हाय. इथं मागून कोनी हाक मारत नसतं."

"मारंल. दम धर."

मी दम धरला. मोटरसायकलवरून एक तरुण आला आणि दुकानात शिरला. थोड्या वेळानं सलीमनं तोच काळा लॅपटॉप उघडून त्याच्यापुढं ठेवला. इतक्या लांबून मला त्याचे घासलेले कोपरे दिसणं शक्य नव्हतं, पण मला दिसले. पुण्याचं काम, सोमवार, सरांनी टाकलेला शब्द, मायचे हळदीनं पिवळे झालेले हात, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. रडू आवरायला मी धपाट्यांची पुडी सोडली आणि पुन्हा बांधली.

अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मागं वळून न बघताच त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक आलं का?"

"व्हय."

"तुला तेच पायजे? दुसरं न्हाई चालायचं?"

"दुसरं धड न्हाई, अण्णा. धड हायेत ते परवडत न्हाईत. तुमी बसा, मी जाऊन येते."

"सौदा म्या मोडला," अण्णा म्हणाले. "तू काहून जाशील?"

ते उठले. चहावर साय धरली होती, त्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. उपरणं एका खांद्यावरून काढून त्यांनी दुसऱ्या खांद्यावर टाकलं, मग पुन्हा पहिल्या खांद्यावर आणलं. आणि वळले. ज्या माणसानं खिलारी जोडीसाठी पाऊल मागं घेतलं नव्हतं, तो माझ्या डोळ्यांदेखत दुकानाकडे तोंड करून चालू लागला. मी मागं होते, त्यामुळं मला त्यांचा चेहरा दिसला नाही. ते चालतात कसे तेवढंच दिसत होतं. जाताना सावकाश चालणारे अण्णा आता भराभर चालत होते, गावातल्या कुणी आपल्याला बघू नये असे. मला वाटलं, नको तो लॅपटॉप, नको ते काम, त्यांना धरून परत न्यावं. पण तसं करणं त्यांना आणखी लागलं असतं.

दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, डोक्यावर पांढरी टोपी, नुकतेच नमाजाहून आलेले. सलीम त्यांना आमच्याकडे बोट दाखवून हसत हसत काहीतरी सांगत होता, बहुधा उपरण्याचंच. म्हातारे हसले नाहीत. त्यांनी रस्त्यानं येणाऱ्या अण्णांकडे बघितलं, धोतराकडे, उपरण्याकडे, त्या चालण्याकडे. मग ते एक पायरी उतरले, हात वर केला आणि चांगल्या मोठ्या आवाजात हाक मारली.

"ओ दादा! असे रागानं काहून चालले? या ना मागं. बसून बोलू."

अण्णा त्यांच्या समोरून, त्यांच्याकडेच चालत येत होते. ते रस्त्यातच थांबले. एक रिक्षावाला भोंगा वाजवत बाजूनं गेला, तरी हलले नाहीत. सलीम एकदा त्या म्हाताऱ्यांकडे, एकदा अण्णांकडे बघत होता. मग अण्णांनी मान थोडी तिरपी केली, आणि बाजारातला त्यांचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

"न्हाई, न्हाई. जमत न्हाई तुमचं आमचं."

"जमवू ना. मोकळ्या हातानं नका जाऊ. या."

"तुमी म्हनता म्हनून येतो," अण्णा म्हणाले, आणि उरलेलं अंतर ते अगदी सावकाश चालले.

म्हाताऱ्यांचं नाव रहीमचाचा, सलीमचे वडील. पूर्वी बैलबाजारात त्यांचं कासरे-वेसणींचं, घुंगरमाळांचं दुकान असायचं. बाजार उतरला तसा मुलानं हा धंदा काढून दिला, आणि ते गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसत. अण्णांना ते नावानं ओळखत नव्हते. अण्णांनी "गोरेगाव" म्हटल्यावर त्यांनी फक्त मान डोलावली. मोटरसायकलवाला भाव ऐकून निघून गेला होता. रहीमचाचांनी काळा लॅपटॉप मध्ये ठेवला आणि म्हणाले, "सौद्याआधी खोड सांगतो. ह्याची बॅटरी अर्धीच हाय, लाइट गेली तर लई येळ टिकायची न्हाई. बाकी जनावर साफ हाय." मग त्यांनी आपणहून हात पुढं केला. अण्णांनी त्यावर उपरणं टाकलं.

"अब्बा, अपना तो फिक्स रेट है ना," सलीम म्हणाला.

"तू चूप बैठ," रहीमचाचा म्हणाले.

तो सौदा बराच वेळ चालला. उपरण्याखाली हात हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. रहीमचाचा छताच्या पंख्याकडे बघत होते आणि अण्णा कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे, जसं काही त्यांना तोच घ्यायचा आहे. एकदा रहीमचाचांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, तर अण्णांनी तो धरून ठेवला. शेवटी दोघांनी एकदमच हात काढले. अण्णा पाठ करून उभे राहिले, पैसे दिले, आणि मला म्हणाले, "उचल तुझं." चाचांनी एक नवीन बॅग वर दिली. जुन्या मालकाचं दावं संग धाडत नसतात, म्हणून ते लेबलही त्यांनी नखानं पुरं खरवडून काढलं.

घरी पोचलो तेव्हा मायनं आम्हाला दारातच थांबवलं. नवीन बैल आला की करायची तसंच केलं तिनं, उंबऱ्यापुढं पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा लॅपटॉपवरून ओवाळून टाकला, झाकणाला हळदीकुंकू लावलं. ते कुंकू झाकणाच्या खाचेत बसलं ते कायमचं. केवढ्याला पडला नि काही उरलं का, हे तिनं विचारलं नाही. अण्णा आपणहून एवढंच बोलले, "म्या उठून निघालो व्हतो. त्यानं हाक मारली." दुसऱ्या दिवशी हे त्यांनी पारावर सांगितलं, आणि मग कित्येक वर्षं सांगत राहिले. लॅपटॉपवाल्यानंही हाक मारली, हिंगोलीत, भर रस्त्यात. लोकांना गंमत वाटायची. कुणी माझ्याकडे बघितलं की मी मान डोलवायचे.

सोमवारी काम सुरू झालं. गोठ्याची एक बाजू शेणानं सारवून मायनं तिथं मला टेबल लावून दिलं, कारण घरात तेवढीच शांत जागा होती. लाइट गेली की बॅटरी खरंच थोडाच वेळ टिकायची, मग मी घाईनं फाइल जतन करून बसून राहायचे. अण्णा तेव्हा आत येऊन टेबलाच्या टोकाला टेकायचे. "दमलं का ते?" असं विचारायचे. त्या लॅपटॉपवर मी किती पुस्तकं उतरवली याचा हिशेब नाही. पुढं माझं लग्न झालं, नोकरी झाली, घर झालं, आणि आता हे लिहिते आहे ते वेगळ्या यंत्रावर. तो काळा माझ्या कपाटात आहे. मुलं म्हणतात भंगारात देऊन टाक. मी देत नाही, आणि का ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

रहीमचाचा गेल्याचं सलीमनं फोन करून कळवलं तेव्हा मी माहेरी आले होते. अण्णा काठी घेऊन चालत होते, डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी त्यांनी जायचंच म्हटलं. मातीला पोचलो. अण्णा एका बाजूला उपरणं धरून उभे राहिले. सलीमनं त्यांना खुर्ची दिली तर तिच्यावर बसले नाहीत. परतताना जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. हिंगोली मागं पडल्यावर ते म्हणाले, "सुमन, त्या दिशी म्या आधी वळलो व्हतो."

"मला ठाव हाय, अण्णा. मी तुमच्या मागंच व्हते."

"त्यानं पाह्यलं व्हतं. तरी हाक मारली."

अण्णांनी माझा हात ओढून उपरण्याखाली घेतला. त्यांची बोटं सुकली होती, जोर नव्हता, पण त्यांनी माझं एकेक बोट दाबलं. इतक्या वर्षांत मी तो खेळ विसरले असेन असं मला वाटलं होतं. विसरले नव्हते. तो आकडा मी इथं लिहिणार नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. एवढंच सांगते की चिठ्ठीवर जो होता तोच तो आकडा होता, एक रुपया कमी नाही.

"त्यो कमी करत व्हता," अण्णा म्हणाले. "म्याच वर नेला."

मग ते बाहेर बघू लागले. गोरेगाव येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.